विजेच्या तारांजवळील झाडांची तोड

पावसाळा तोंडावर आला की घराभोवतालची व बांधावरची झाडे छाटण्याची लगबग सर्वत्र सुरू होते. कौलांवर आलेली फांदी उतरवावयाची असते, सरपणाची बेगमी करावयाची असते, शेळ्यांना पाला हवा असतो, आणि पिकावर सावली धरणारे एखादे झाड समूळ काढावयाचे असते. कुऱ्हाड, कोयता आणि दोर घरात असतात, गडीमाणूस गावात मिळतो; म्हणून हे काम घरच्या घरी उरकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे व एरवी तीत वावगे काही नाही. परंतु ज्या झाडाच्या आवाक्यात विजेची तार आली, ते झाड या रीतीत बसत नाही. त्याची तोड हे विजेचे काम होय, आणि वायरमनला बरोबर घेतल्याविना ते कोणीही हाती घेऊ नये.

असे झाड तसेच वाढू द्यावे, असा याचा अर्थ नाही. तारांना घासणारी फांदी वाऱ्याने दोन तारा एकमेकींवर आणते, ठिणग्या पडतात आणि खाली वाळलेला ऊस किंवा काढून ठेवलेल्या गव्हाची गंजी असेल तर घटकाभरात वर्षाची कमाई जळून जाते. ओल्या फांदीतून जमिनीत जाणाऱ्या प्रवाहामुळे गावाचा पुरवठा वारंवार खंडित होतो तो निराळाच. तेव्हा फांदी तोडणे जरूरच आहे. प्रश्न एवढाच, की ती कोणी, केव्हा व तारेची कोणती स्थिती असताना तोडावी.

तार आणि झाड यांचा संबंध

खांबावरून जाणाऱ्या बहुतेक तारा उघड्या असतात. त्या ॲल्युमिनियमच्या असून मध्ये बळकटीसाठी पोलादाची तार असते. उन्हापावसाने त्या काळपट पडतात, आणि तो काळपटपणा पाहून तारेवर रबराचे आवरण आहे अशी अनेकांची समजूत होते. तसे काहीही नसते. खांबापासून घरात येणाऱ्या सर्व्हिस वायरवर मात्र आवरण असते. परंतु उन्हाने ते तडकते, फांदीच्या घर्षणाने झिजते, आणि मग ज्या लोखंडी तारेच्या आधाराने ती वायर ताणलेली असते ती आधाराची तारही जिवंत होते.

चार किंवा पाच तारा असलेली लघुदाब वाहिनी घरांना व पंपांना वीज पुरविते. तिच्या एका फेजमध्ये व जमिनीत २३० व्होल्ट, आणि दोन फेजमध्ये सुमारे ४०० व्होल्ट दाब असतो. गावाच्या रोहित्रापर्यंत, म्हणजे लोक ज्याला डीपी म्हणतात तेथपर्यंत येणारी तीन तारांची वाहिनी उच्चदाबाची असते. तिच्यात ११ हजार किंवा २२ हजार व्होल्ट असतात, आणि काही वाहिन्यांत ३३ हजारही असतात. लघुदाबाची तार स्पर्शाने मारते. उच्चदाबाची तार स्पर्शाचीही वाट पाहत नाही. फांदी, शिडी किंवा आकडी फार जवळ आली तर मधल्या हवेतून ठिणगी उडी घेते.

तारेवर पक्षी निर्धास्त बसतात, मग ओली फांदी लागली तर एवढे काय होते, असा प्रश्न शेतकरी नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे. पक्षी एकाच तारेवर बसतो. त्याचा जमिनीशी किंवा दुसऱ्या तारेशी संबंध नसल्यामुळे त्याच्या अंगातून वाहून जाण्यास प्रवाहाला वाट मिळत नाही. मोठ्या वटवाघळाचे पंख दोन तारांना एकदम टेकले की तेच वटवाघूळ मरून तारेला लटकलेले दिसते. झाडाचे मूळ तर जमिनीत खोल ओलाव्यापर्यंत गेलेले असते. जिवंत लाकडात क्षार विरघळलेले पाणी भरलेले असते आणि त्यातून प्रवाह वाहतो. झाडावर चढलेला, किंवा जमिनीवर उभा राहून ओली फांदी ओढणारा माणूस हा त्या वाटेचाच एक भाग बनतो. वाळलेला बांबू चालतो, असे म्हणून लांब बांबूला कोयता बांधून पाला काढण्याची पद्धत आहे. परंतु त्याच बांबूवर दव किंवा पावसाची सर पडली की त्याचा भरवसा राहत नाही. शेळ्यांसाठी सुबाभळीचा पाला पहाटेच काढतात, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. आंबे उतरविण्याच्या झेल्याच्या दांड्यालाही हीच गोष्ट लागू आहे. ॲल्युमिनियमच्या शिडीविषयी अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही.

यावर काही जाणते शेतकरी म्हणतात की, धोका झाला तर डीपीवरील फ्यूज उडेलच. हा मोठा घातक गैरसमज आहे. १०० के.व्ही.ए. क्षमतेच्या रोहित्रातून पूर्ण भार असताना प्रत्येक फेजमध्ये सुमारे १४० अँपिअर प्रवाह वाहतो. एवढा प्रवाह नित्य वाहू देणारा फ्यूज त्याहून पुष्कळ अधिक प्रवाह झाल्याखेरीज वितळणार नाही. उलट माणसाच्या हातातून एका अँपिअरच्या शंभराव्या भागाहून थोडा अधिक प्रवाह गेला तरी स्नायू आखडून धरलेली वस्तू सोडता येत नाही, आणि दहाव्या भागाइतका प्रवाह क्षणभर छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. फ्यूज रोहित्राच्या व तारांच्या रक्षणासाठी असतो. माणूस त्याच्या हिशेबात नाही. घरातील मीटरपुढे बसविलेले, गळती होताच वीज तोडणारे उपकरण उत्तम खरे. पण ते घराच्या आतील वायरिंगपुरते आहे. बाहेरच्या तारेला लागलेल्या फांदीची त्याला खबरही लागत नाही.

“लाईट गेली आहे” याचा अर्थ

तारांजवळ झाडे तोडणाऱ्यांचा सर्वांत मोठा आधार म्हणजे भारनियमन. घरातील दिवे बंद झाले, पंप थांबला, की ‘आता लाईट नाही, चढा’ असे म्हणून माणूस झाडावर चढविला जातो. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांशी बोलताना सर्वाधिक वेळ या एका मुद्द्यावर खर्च करावा, इतके त्याचे महत्त्व आहे.

घरातील दिवा बंद असणे आणि झाडाजवळची तार मृत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनेक ठिकाणी गावठाणाची वाहिनी वेगळी व शेतीपंपांची वेगळी असते. एक बंद असताना दुसरी चालू असते, आणि कित्येकदा दोन्ही वाहिन्या एकाच खांबावरून वरखाली जातात. शेतीच्या वाहिनीवर तीन फेज बंद असताना रानातील वस्त्यांच्या दिव्यांसाठी एक फेज चालू ठेवण्याची व्यवस्थाही पुष्कळ ठिकाणी आहे. तेव्हा पंप चालत नाही, परंतु एक तार जिवंत असते, आणि ती कोणती हे खालून पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. वाहिनी बिघाडामुळे बंद पडली असेल तर उपकेंद्रातून ती थोड्या वेळाने पुन्हा चालू करून पाहतात. भारनियमनाचे वेळापत्रक ठरलेले असले तरी ते केव्हा बदलेल याचा नेम नसतो. शेजाऱ्याने जनित्र चालू केले व ते चुकीच्या रीतीने जोडलेले असले तर त्याची वीज मीटरमधून उलट तारेत येते. एवढेच नव्हे, तर रोहित्रातून उलट जाऊन वरच्या वाहिनीत हजारो व्होल्ट निर्माण करते.

याचा अनुभव कोकणाने घेतला आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, विजेचे खांब कोसळले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ वादळाने किनाऱ्याला पुन्हा झोडपले. अशा वेळी वाट मोकळी करण्यासाठी लोक आपापल्या कोयत्या-करवतींनिशी बाहेर पडतात, तारांत गुंतलेली झाडे तोडू लागतात, आणि त्याच वेळी ज्यांच्याकडे जनित्रे आहेत ते ती चालू करतात. पडलेली तार पडली म्हणून मेली, असे मुळीच समजू नये.

तार मृत आहे असे गृहीत धरता येत नाही. ती मृत करून घ्यावी लागते. वायरमन हे काम कसे करतो ते पाहण्याजोगे आहे. तो प्रथम उपकेंद्राकडून त्या वाहिनीवर काम करण्याचे परमिट घेतो. वाहिनी बंद झाल्यावर ती खरोखर बंद आहे का, हे उपकरणाने तपासतो. नंतर कामाच्या दोन्ही बाजूंना तारा परस्परांशी जोडून त्या जमिनीशी जोडतो. आता कोणी चुकून वाहिनी चालू केली, किंवा जनित्राची वीज उलट आली, तरी ती काम करणाऱ्याकडे न येता जमिनीत जाते. काम संपून माणसे खाली उतरल्यावर ही जोडणी काढली जाते व मगच परमिट परत केले जाते. यातील एकही पायरी शेतकऱ्याला स्वतः करता येत नाही. बांबूच्या काठीने डीपीचे फ्यूज स्वतः उतरविण्याचा उद्योग काही गावांत चालतो. तो बेकायदेशीर तर आहेच; शिवाय उतरविणाऱ्याच्या जिवावर बेतणारा आहे, आणि झाडावर बसलेल्याला त्याने संरक्षणही मिळत नाही.

झाड मनाप्रमाणे पडत नाही

दोर बांधून झाड विरुद्ध बाजूस ओढले की तारांना लागणार नाही, हा विश्वास अनुभवी लाकूडतोड्यांनाही असतो. तथापि झाडाचा तोल एका बाजूच्या जड फांद्यांनी, आत पोकळ झालेल्या खोडाने किंवा अवचित आलेल्या वावटळीने क्षणात बदलतो. दोर ओला असेल तर तो तारेला लागताच ओढणाऱ्या सर्वांपर्यंत वीज नेतो.

नुसती फांदी तोडतानाही असेच होते. जड फांदीचे टोक खाली झुकलेले असते. टोकाकडचा भाग तोडला की ओझे कमी होऊन उरलेली फांदी एकदम वर उसळते व वरच्या तारेला भिडते. तार झाडाच्या पुष्कळ वर आहे म्हणून निश्चिंत झालेल्या माणसाला हे ध्यानात येत नाही. याउलट झाड तारेवर रेललेले असेल तर तार धनुष्याच्या दोरीसारखी ताणलेली असते. खोड तुटताच ती वर झेप घेते, सिमेंटचा खांब मोडतो, आणि त्या खांबाबरोबर पुढच्या गाळ्यातील खांबही ओढला जातो. एका सुबाभळीपायी तीन खांब आडवे व्हावयास वेळ लागत नाही.

तारांची उंचीही स्थिर नसते. रस्त्यापासून दूर, शेतातून जाणाऱ्या ११ हजार व्होल्टपर्यंतच्या उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर, म्हणजे सुमारे १५ फूट असाव्यात असा नियम आहे. परंतु दोन खांबांच्या मध्यावर तारेला झोळ असतो. उन्हाने व भाराने तार तापली की झोळ वाढतो, आणि वाऱ्याने ती आडवीही झुलते. माघात फांदीपासून दूर दिसणारी तार वैशाखात जवळ येते.

म्हणून प्रथम झाडाची उंची पाहावी. त्यासाठी चढण्याची गरज नाही. आपल्या हाताच्या लांबीची, म्हणजे डोळ्यापासून मुठीपर्यंत भरेल एवढी काठी घ्यावी व हात सरळ पुढे करून मुठीच्या वर तेवढी उभी धरावी. मूठ झाडाच्या बुंध्याशी व काठीचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत सपाट जमिनीवर मागे सरकत जावे. जेथे जुळेल तेथून बुंध्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजावे. तीच झाडाची अंदाजे उंची. बुंध्यापासून तारेच्या खालच्या जागेपर्यंतचे अंतर या उंचीच्या दीडपटीहून कमी असेल तर झाड घरच्या माणसांनी तोडू नये. छाटणीपुरते बोलावयाचे तर फांदी, माणूस, हत्यार व शिडी यांपैकी काहीही तारेपासून तीन मीटरांच्या आत येण्याचा संभव असेल तर ते काम सोडून द्यावे.

उभे झाड लाकूड-व्यापाऱ्याला विकले म्हणजे आपली जबाबदारी संपली असेही मानू नये. यांत्रिक करवत घेऊन आलेल्या परगावच्या मजुरांना कोणती तार कोठून येते हे ठाऊक नसते, आणि करवतीच्या आवाजात खालून मारलेली हाक ऐकू येत नाही. व्यवहार ठरविताना तारेची गोष्ट स्पष्ट सांगावी, व वायरमन हजर असल्याशिवाय करवत लावू देऊ नये.

अपघात झाल्यास

तार तुटून पडली तर तिच्यापासून निदान दहा मीटर दूर राहावे व गुरे तातडीने लांब न्यावीत. जमिनीत शिरलेली वीज चोहोकडे पसरते, आणि जवळच्या जमिनीवर दोन पावलांतही दाबाचा फरक पडतो. गुरांचे पुढचे व मागचे पाय दूर असल्यामुळे हा फरक त्यांच्या वाट्याला अधिक येतो. पावसाळ्यात माणूस वाचतो व बैल जागीच मरतो, ते यामुळे. आपण तारेच्या जवळच सापडलो तर लांब टांगा टाकून पळू नये. दोन्ही पाय जोडून, जमिनीवरून न उचलता, घसटत थोडे थोडे सरकावे. तार काटेरी कुंपणावर पडली असेल तर ते कुंपण दूरवर जिवंत झालेले असू शकते.

झाडावर किंवा तारेला माणूस चिकटला तर त्याला हात लावण्याची अनावर ओढ होते, आणि एकाच्या मागे दुसरा जातो. घरातील लघुदाबाचा प्रसंग असेल तर मुख्य स्विच प्रथम बंद करावा. खांबावरील वाहिनीच्या बाबतीत, विशेषतः ती उच्चदाबाची असेल तर, वीज बंद झाल्याची वायरमनने खात्री देईपर्यंत जवळ जाऊ नये. त्याच वेळी दुसऱ्याने १९१२ या वीजतक्रारीच्या क्रमांकावर व रुग्णवाहिकेसाठी १०८ वर कळवावे. माणूस मोकळा झाल्यावर श्वास चालत नसेल तर त्याला कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यावर दोन्ही तळहातांनी, मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहावे व मदत येईपर्यंत थांबू नये. अंगाला माती चोळणे किंवा मातीत पुरून ठेवणे यांनी काहीही साधत नाही. वाचण्याची मिनिटे मात्र निघून जातात. शुद्धीवर असलेल्या माणसालाही रुग्णालयात न्यावे. विजेची भाजणी वरून अल्प दिसते व आत खोल गेलेली असते.

अर्ज, परवानगी व भरपाई

तारांच्या आवाक्यातील झाडासंबंधी महावितरणच्या जवळच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. त्यात गट नंबर, खांबाचा क्रमांक, झाडाची जात व झाड तारेपासून किती दूर आहे ते लिहावे, आणि पोच घ्यावी. पावसाळ्यापूर्वीच्या देखभालीसाठी वाहिन्या बंद ठेवल्या जातात. अर्ज चैत्रात केला तर त्याच बंदीत काम होऊन जाते. गावातील दहा-पंधरा शेतकऱ्यांच्या झाडांची एकच यादी करून दिली तर एका दिवसाच्या बंदीत सर्वांचा प्रश्न सुटतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने ही यादी पुढाकाराने करावी.

वीज अधिनियम, २००३ च्या कलम ६८ प्रमाणे वाहिनीला अडथळा आणणारे झाड दूर करण्याचा आदेश, वीज कंपनीच्या अर्जावरून, कार्यकारी दंडाधिकारी किंवा शासनाने नेमलेला अधिकारी देऊ शकतो. झाड वाहिनी टाकण्यापूर्वीचे असेल तर मालकाला वाजवी भरपाई देण्याची तरतूद त्याच कलमात आहे. शेतकऱ्याने घाईने स्वतःच झाड तोडले तर ही भरपाई मागण्यास आधार उरत नाही. याशिवाय १९६४ च्या वृक्षतोड-नियमनाच्या राज्य अधिनियमातील अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, हिरडा, खैर, ऐन इत्यादी झाडे आहेत. ती आपल्या मालकीची असली तरी तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

छाटणी व नवी लागवड

तारेखालील झाडाचा सरसकट शेंडा मारणे ही चुकीची छाटणी होय. कडुनिंब, सुबाभूळ व गुलमोहर यांना शेंडा मारलेल्या जागी जोमदार पाणफुटीचा झुबका येतो व एकदोन पावसाळ्यांत तो पुन्हा तारेला जाऊन भिडतो. त्याऐवजी तारेकडे जाणारी फांदी तिच्या उगमापाशी, दुसऱ्या फांदीच्या बेचक्यात कापावी, म्हणजे वाढ बाजूस वळते. प्रथम खालून थोडा काप द्यावा व मग वरून कापावे. त्यामुळे साल सोलवटून खोडाला जखम होत नाही. वायरमन वाहिनी मृत करील, परंतु कोठे कापावे हे त्याला शेतकऱ्यानेच सांगावयास हवे.

नारळाची गोष्ट वेगळी आहे. त्याला वाढीचा एकच कोंब असतो. तो छाटला की माड मेला. शिवाय चार-पाच मीटर लांबीची झावळी बुंध्यापासून दूरच्या तारेवरही पडते. तारेखाली नारळ लावणे म्हणजे तो पुढे तोडण्यासाठीच लावणे होय. बांबूचा नवा कोंब एका पावसाळ्यातच पूर्ण उंची गाठतो, त्यामुळे तारेखालच्या बेटावर दरवर्षी नजर ठेवावी लागते. तेथे नवे बेट लावूच नये. जुने झाड काढून मोकळ्या झालेल्या जागी डाळिंब, लिंबू, सीताफळ, कढीपत्ता किंवा छाटून ठेंगणा ठेवलेला पेरू लावावा. शेवगा दरवर्षी कंबरेएवढ्या उंचीवर छाटणार असाल तरच लावावा. मोठी वाढणारी झाडे बांधावर लावताना खांबांची ओळ ज्या बांधाने जाते तो बांध सोडून द्यावा, आणि खड्डे घेण्यापूर्वी एकदा मान वर करून पाहावे.